त्यांचे रुपये, आमचे रुपये

"नमस्कार. तुमचा मृदुंग फुटका आहे काय?"

फोनवर पहिलं वाक्य आलं ते हे. आवाज वयस्कर बाईंचा होता. स्वच्छ, ठाशीव, वर्गात धडा वाचून दाखवावा तसा. मी दुकानाच्या ओट्यावर बसून टाळांच्या दोऱ्या ओवत होते आणि फोन कान न्‌ खांद्याच्या मध्ये धरला होता, तो पडता पडता राहिला.

"कुठला मृदुंग?"

"तुमच्या दुकानातला. संगणकावरच्या दुकानातला. मोठा, फणसाच्या लाकडाचा. परवापर्यंत त्याची किंमत सहा हजार आठशे रुपये होती. आज तीन हजार चारशे रुपये आहे. एकदम अर्धी झाली, म्हणून विचारते. फुटला असेल तर तसं स्पष्ट सांगा, आम्ही रागावणार नाही."

"आपण कुठून बोलताय?"

"मी लीलावती मोरोबा बोलत आहे. मॉरिशसहून. कास्कावेल गावातून."

मॉरिशस नकाशात नेमकं कुठे येतं हेही मला त्या क्षणी सांगता आलं नसतं. आणि तिथली बाई माझ्याशी माझ्यापेक्षा शुद्ध मराठीत बोलत होती.

ही गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. आमचं दुकान देवरूखच्या बाजारात होतं, अजूनही तिथंच आहे. माझे वडील महादेव गुरव, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं, ते मृदुंग आणि ढोलक्या बनवायचे. पुढे दुकान, मागे पत्र्याची पडवी, आणि त्या पडवीत लाकडाचा भुसा, चामड्याचा वास आणि अण्णा. गिऱ्हाइकं जास्त करून जाखडीवाली. आमच्याकडे गणपतीत पायांत चाळ बांधून, गोल धरून नाचतात ती जाखडी. मध्ये गाणारा बसतो, त्याच्या शेजारी मृदुंगवाला.

अण्णांचा एक नेम होता. भाव एकच. गिऱ्हाईक मुंबईहून गाडी घेऊन आलेलं असो की डोंगरातल्या वाडीवरून चालत, आकडा बदलायचा नाही. घासाघीस करणाऱ्याला ते पाणी द्यायचे, मृदुंग द्यायचे नाहीत.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. सकाळी मुलांना कॉम्प्युटरचा कोर्स शिकवायचे आणि दुपारी दुकानात बसायचे. दोन वर्षांपूर्वी हौसेनं मी दुकानाची वेबसाइट काढली होती. मृदुंगांचे छान फोटो काढले होते, खाली किंमत. बाहेरदेशातले लोक यायचे, फोटो बघायचे, किमतीपर्यंत पोचायचे आणि निघून जायचे. टोरांटोच्या एका गृहस्थांनी तर कळवलं होतं, "मृदुंग फार आवडला. पण बायकोला डॉलरमध्ये आकडा सांगितल्याशिवाय ती मान हलवत नाही, आणि मला हिशेब करायचा कंटाळा येतो."

म्हणून मी शोधाशोध केली. तेव्हा कळलं की साइटवर एक सोय बसवता येते. बघणारा कुठल्या देशात बसलाय ते साइट ओळखते आणि त्याच्या देशाच्या पैशात किंमत दाखवते. अमेरिकेत डॉलर, लंडनला पौंड, दुबईत दिरहॅम. पैसे शेवटी आपल्याकडे येतात तेवढेच.

जेवताना मी हे अण्णांना सांगितलं. घास तसाच हातात धरून ते म्हणाले, "म्हणजे अमेरिकेतल्याला एक आकडा आणि दुबईतल्याला दुसरा?"

"आकडा दुसरा. किंमत तीच."

"आकडा म्हणजेच किंमत. माणूस बघून आकडा बदलायचा, तर मग आपल्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला?"

"अण्णा, तुमच्या पायाचं माप इंचात वेगळं येतं, सेंटिमीटरमध्ये वेगळं येतं. पाय तोच ना?"

"पाय मी विकत नाही."

आई भात वाढत होती. ती म्हणाली, "करू दे तिला काय करायचं ते. नाहीतरी पुढच्या वर्षी..." आणि आमटी आणायला उठली.

पुढच्या वर्षी अण्णा कारखाना बंद करणार होते. असं कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पण पावसाळ्याआधी चामड्याचा नवा माल त्यांनी आणलेला नव्हता. वाड्यावाड्यांतली पोरं मुंबईला गेली होती, मंडळं विरली होती. अण्णांचं स्वतःचं मंडळ बंद पडूनही बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून ते मृदुंग बनवायचे, सुरात लावायचे, पण वाजवायचे नाहीत. पुडीवर, म्हणजे मृदुंगाच्या चामड्याच्या तोंडावर, दोन थापा मारून कान द्यायचे आणि हात पुसून टाकायचे. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "समोर नाचणारे नसले तर वाजवायचं कुणासाठी गो?"

तरीही मी ती सोय बसवली. डॉलर तपासले, पौंड तपासले. मॉरिशस यादीत आहे की नाही हे काही बघितलं नाही.

आणि आता त्या मॉरिशसच्या बाई फोनवर होत्या.

"बाई, मृदुंग धडधाकट आहे," मी म्हणाले. "किंमतही तीच आहे. सहा हजार आठशे."

"इथे तर तीन हजार चारशे लिहिलं आहे."

"ते तुमचे रुपये."

"आमचे कसे? आम्ही अजून दिलेले नाहीत."

"तसं नाही, तुमच्या देशातले."

"मुली, रुपये म्हणजे रुपये," बाई म्हणाल्या. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा आवाज होता तो. "चौतीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवली आहे. अर्धा म्हणजे अर्धा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "थांबा हं. तुमच्याकडेही रुपयेच चालतात?"

"मग काय चालणार? आमच्या पणजोबांच्या वेळेपासून रुपयेच चालतात."

मी टाळ बाजूला ठेवले. गेली दोन वर्षं आमच्या साइटवर नुसतं 'रु.' आणि पुढे आकडा होता. कुणाचे रुपये ते लिहायची गरज असते असं मला कधी वाटलंच नव्हतं. अमेरिकेतल्या माणसाला निदान एवढं तरी कळायचं की हे आपले पैसे नव्हेत. या बाईंना बिचाऱ्यांना तेही कळायला मार्ग नव्हता. त्यांनी तो आकडा सरळ आपल्या रुपयांत वाचला होता.

"बाई," मी म्हणाले, "तुमचा एक रुपया म्हणजे आमचे जवळजवळ दोन. सहा हजार आठशे आमचे. तुमचे तीन हजार चारशेच. आधीपासून. किंमत उतरली नाही, साइट आता तुमच्या रुपयांत बोलायला लागली इतकंच."

मग बाई फोनपासून तोंड वळवून कुणाला तरी काहीतरी म्हणाल्या. भाषा मला कळली नाही, पण त्यानंतर जो गलका उठला तो कळला. बायका ओरडत होत्या, हसत होत्या, कुणीतरी पातेल्यावर डाव बडवत होतं.

"क्षमा करा," बाई परत आल्या. त्याही हसत होत्या. "आम्ही सगळ्या स्वयंपाकघरात आहोत. दर गुरुवारी देवळापुढे आम्ही गातो पिमां विकतो. डाळीचे तिखट वडे असतात ते. गणपतीच्या आधी मृदुंग आणायचा म्हणून पाच महिने वडे तळतो आहोत. साडेपाच हजार जमले होते, बाकीचे जमेनात. आज या बायका मला म्हणाल्या, आता तेलाचा वास नको, चतुर्थी आली, तुम्ही त्या दुकानाला काही कमी करा म्हणून विनवा. म्हणून मी साइट उघडली. मग चष्मा पुसला आणि परत उघडली."

एव्हाना अण्णा पडवीतून बाहेर आले होते. बोटं पुडीवर भरायच्या शाईनं काळी, कपाळावरही एक बोट उमटलेलं. "काय झालं? कोण आहे?"

मी फोनवर हात ठेवून त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"म्हणजे पाच महिने ही बाई मला दुप्पट भाव लावणारा समजत होती?"

"हो."

"महादेव गुरवाला?"

"हो, अण्णा."

"आणि तू हे परवा नीट केलंस? दोन वर्षं काय करत होतीस?"

परवा जेवताना कोण काय बोललं होतं याची त्यांना आठवण करून देण्यात अर्थ नव्हता.

पण फोनवरचं अजून संपलं नव्हतं. बाईंचा आवाज जरा खाली आला. "एक अडचण आहे. आमच्या मंडळाचा मृदुंग बाबाजी मामा वाजवायचे. आता त्यांचे हात थरथरतात, आणि ऐकूही कमी येतं, पण सुराची पारख शाबूत आहे. आत्ता ते इथेच आहेत आणि मान हलवत आहेत. म्हणतात, सहा हजारांचा होता तोवर माझा विश्वास होता. तीन हजारांचा मृदुंग वाजायचा नाही."

मी हे जसंच्या तसं अण्णांना सांगितलं. सांगायला नको होतं, किंवा सांगितलं तेच बरं झालं. अण्णांनी शाईच्या हातानं फोन घेतला.

"नमस्कार बाई. मी महादेव गुरव. कोण म्हणतो वाजायचा नाही?... असं? त्यांना फोन द्या... ऐकू येत नाही? मग ऐकणार कसे?... बरं. बरं. मोठ्यानं वाजवतो. कधी?... कळवतो मुलीला विचारून."

फोन माझ्या हातात देत ते म्हणाले, "त्या टीव्हीसारखं बोलतात ना एकमेकांशी, कॉम्प्युटरवर? रविवारी दुपारी त्यांचा सराव असतो. त्या म्हाताऱ्याला मृदुंग ऐकवायचाय."

शुक्रवार-शनिवार अण्णांनी दुसरं काही केलं नाही. तोच मृदुंग मांडीवर, चामड्याच्या वाद्या ओढायच्या, ठोकायचं, कान लावायचा, परत ओढायच्या. आईनं दोनदा जेवायला बोलावलं की एकदा यायचे.

रविवारी मी कॉम्प्युटर दुकानाच्या गल्ल्यावर ठेवला. अण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. आई म्हणाली तिला यात काही रस नाही, आणि लग्नाला नेसायचं पातळ नेसून दारात उभी राहिली.

पडद्यावर आधी नुसते चौकोन दिसले, मग एक मोठी खोली. भिंतीवर गणपतीचं चित्र, खाली लाल फरशी. दहा-पंधरा बायका-पुरुष, साड्या, टी-शर्ट, सगळ्यांच्या पायांत घुंगरू. सगळ्यांत पुढे पांढऱ्या केसांच्या, मोठ्या चष्म्याच्या लीलावतीबाई. त्यांच्या बाजूला खुर्चीत एक हडकुळे आजोबा, डोक्यावर गवताची टोपी. टोपी इतकी मोठी की चेहरा हनुवटीपासूनच सुरू व्हायचा.

"हे बाबाजी मामा," बाई म्हणाल्या.

बाबाजी मामांनी नमस्कार केला नाही. त्यांनी कान स्पीकरला लावला.

अण्णांनी उजव्या पुडीवर एक थाप दिली. स्वच्छ, टणत्कार करणारी. मग डावीकडे एक खोल घुमणारी. दुकानातल्या टांगलेल्या ढोलक्याही जराशा हलल्यासारख्या वाटल्या. मामांनी टोपी मागे सारली, काही पुटपुटले.

"मामा म्हणतात, बरा आहे," बाई म्हणाल्या.

"बरा?" अण्णा म्हणाले.

मामा पुन्हा बोलले. या वेळी लांबलचक. बाई ऐकून म्हणाल्या, "मामा म्हणतात, सुट्या थापा कुठल्याही मृदुंगावर चांगल्या लागतात. दुकानदार नेहमी सुट्या थापाच ऐकवतो. त्यांना झाकरी ऐकायची आहे."

"ते काय असतं?"

"झाकरी, गुरवजी. आमचा नाच. गणपतीत करतो. गोल धरायचा, पायात घुंगरू, मध्ये गाणारा आणि मृदुंगवाला. एक पाऊल आत, एक मागे, मग गिरकी." बाईंनी मागे वळून खूण केली. दोन बायका पुढे आल्या आणि त्यांनी चार पावलं करून दाखवली. आत, मागे, आत, गिरकी, आणि गिरकीच्या शेवटी टाच आपटून उभं राहणं.

अण्णा पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांचा श्वास काचेवर उमटला.

"अगो, ही तर जाखडी!"

"जाखडीच की!" दारातून आई म्हणाली, आणि आत आली.

"जाखडी," अण्णा पडद्याला सांगू लागले, ऐकू न येणाऱ्याला सांगावं तसं. "जा. ख. डी."

"झा. क. री," बाईंनी तितक्याच शांतपणे दुरुस्त केलं.

"अहो जाखडी!"

"झाकरी, गुरवजी. माझ्या आजीनं शिकवली आहे."

बाबाजी मामांना एवढं मात्र ऐकू गेलं असावं. ते हसले. तोंडात एकही दात नव्हता आणि हसू कानापर्यंत गेलं. अण्णाही हसले. मग ते गल्ल्यापुढच्या सतरंजीवर मांडी घालून बसले, मृदुंग पुढ्यात ओढला, आणि थांबले. पडद्यावर सगळी माणसं गोल धरून उभी होती, एकेक पाय उचलायच्या बेतात.

अण्णांनी आईकडे बघितलं. "वाजवू?"

"मला काय विचारता?" आई म्हणाली. "ती तिकडे ताटकळलीत."

अण्णांनी वाजवायला घेतलं. मी त्यांना शेवटचं ऐकलं तेव्हा शाळेत होते. आधी बोटं अडखळली, एक बोल निसटला, त्यांनी मान झटकली, आणि मग हात मोकळे झाले. पडद्यावर पाय हलले. गोल फिरू लागला. आणि चार आवर्तनं होतात न होतात तोच अण्णांनी हात उचलला.

"ठेका चुकतोय. पाय मागे पडतायत."

पलीकडे मंडळी दोन पावलं आणखी नाचली आणि गोंधळून थांबली. "का थांबलात?" बाईंनी विचारलं. "फार छान चाललं होतं!"

"बाई, पावलं मागे पडतात तुमची."

"आमची? मुळीच नाही! आम्ही अगदी तुमच्या थापेवर आहोत."

"मला दिसतंय ना!"

आता हे भांडण होणार असं वाटून मी मध्ये पडले. "अण्णा, तुमचा आवाज त्यांच्याकडे पोचायला जरा वेळ लागतो. मग ते नाचतात, आणि ते चित्र आपल्याकडे यायला आणखी वेळ लागतो. त्या खोलीत पाऊल थापेवरच पडतंय. आपल्याला ते उशिरा दिसतं."

"म्हणजे तिकडे बरोबर आणि इकडे चूक?"

"इकडे चूक दिसतं. आहे बरोबरच."

"रुपयांसारखंच झालं की हे," आई म्हणाली.

अण्णांनी मृदुंग पुन्हा पुढ्यात ओढला. "मग मी बघू कुठे?"

"बघूच नका."

त्या मृदुंगाचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. तो गेला, आणि त्याच्याबरोबर दुसरा एक लहानही गेला, कारण बायकांच्या वड्यांचे पैसे आता दोन्हींना पुरत होते. बाईंनी पुढे आणखी तीन गावांना आमचं नाव सांगितलं. त्याच आठवड्यात अण्णा चामडं आणायला गेले आणि तीन वर्षांनी बाईंच्या आमंत्रणावरून आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. कारखाना आज मी चालवते. पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी ऑर्डरचं नाव काढायलाही कुणाला सुचलं नाही.

अण्णांनी डोळे मिटले आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी ते थांबणार नव्हते हे पहिल्या थापेलाच कळलं. तिकडे लीलावतीबाईंनी गणपतीच्या नमनाचा गण धरला. शब्द अर्धे कळत होते, अर्धे झिजून वेगळेच झाले होते, पण चाल आमच्या वाडीवरची होती. आई आधी गुणगुणली, मग उघड गायला लागली. समोरच्या किराणा दुकानातून दोन माणसं रस्ता ओलांडून आली आणि दारात उभी राहिली. बाबाजी मामांनी टोपी काढून खुर्चीवर ठेवली, एका बाईचा हात धरला, आणि उठून त्या गोलात शिरले.

"अगदी बरोबर, गुरवजी!" गाण्याच्या मध्येच बाई ओरडल्या. "थांबू नका!"

अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता. मान डोलत होती, डोळे घट्ट मिटलेले, हात दिसेनासे झालेले. हात न थांबवता त्यांनी विचारलं, "दर्शना, मिळतायत का गो पाय?"

मी पडद्याकडे बघितलं. एकही पाऊल थापेवर पडत नव्हतं. बाईंचे ओठ शब्दांच्या मागून हलत होते, मामांची टाच गिरकी संपल्यावर कधीतरी आपटत होती, सगळा गोल आमच्या ठेक्याच्या मागे मागे पळत होता.

"मिळतायत, अण्णा," मी म्हणाले. "अगदी ठेक्यात आहेत."

अण्णांनी लय वाढवली.